घरी न जाण्याचं गाणं

धून बदलायची, एवढंच नागिसाचं म्हणणं होतं. डोंगर हलवायचा नव्हता, समुद्र आटवायचा नव्हता. रोज संध्याकाळी पाचला नगरकचेरीच्या भोंग्यांवर जी धून वाजते, तिच्याऐवजी एक दिवस दुसरी वाजवायची. बस. पण आमच्या त्सुबाकिउरा गावात ज्यानं कुणी नुसता कचरा उचलण्याचा वार बदलून पाहिलाय, त्याला विचारा. तो सांगेल, डोंगर परवडला.

तशी ती पाचची धून काही वाईट नाही. खांबाखांबांवरचे हे भोंगे खरे तर त्सुनामीची सूचना द्यायला बसवलेत. पण त्सुनामी काही रोज येत नाही, आणि भोंगा गंजलाय की काय ते मात्र रोज बघावं लागतं, म्हणून धून. ती वाजली की पोरं चेंडू उचलतात, म्हाताऱ्या बाकांवरून उठतात, मासे डबाबंद करायच्या कारखान्यातल्या बायका हातमोजे काढतात, आणि तोमे आजींचा कुत्रा दाइकिची आभाळाकडे तोंड करून असा गळा काढतो, की ऐकणाऱ्यानं सांत्वनाला जावं. धुनीचा अर्थ त्या कुत्र्यालाही ठाऊक आहे : दिवस संपला, घरी चला.

घरी येत नाही ती फक्त नागिसाची आई.

आई, म्हणजे मिसाओ उकाई, मालवाहू जहाजावर पहिली अधिकारी आहे. कप्तानाच्या खालोखाल तीच. तीन महिने समुद्रावर, एक महिना घरी, पुन्हा तीन महिने समुद्रावर. जहाज सिमेंट भरून किनाऱ्याकिनाऱ्यानं वर-खाली करतं आणि मधूनमधून आमच्या गावासमोरून जातं. समोरून म्हणजे क्षितिजाच्या जरा अलीकडून, तांदळाच्या दाण्याएवढं. नागिसा लहान असताना त्या दाण्याला हात हलवायची. आता ती चौदा वर्षांची आहे. हात हलवत नाही. फक्त तो दाणा दिसेनासा होईपर्यंत तिला धक्क्यावर काहीतरी महत्त्वाचं काम असतं.

आई घरी असली की अंघोळीच्या टबात बसून एकच गाणं म्हणते. तिच्या शाळेच्या दिवसांतलं गाणं, 'लाटेवरची टाच'. गाणाऱ्या बाईच्या कोटाचे खांदे दाराएवढे रुंद, आवाज त्याहून रुंद. ती उंच टाचांचे बूट घालून भर वादळात निघालीय आणि मागे राहिलेल्याला ठणकावून सांगतेय :

आज मी घरी जाणार नाही,
दिवा लावू नको, वाट पाहू नको,
वाऱ्याला विचारून मी निघत नसते!

याला हातवारेही आहेत. डावा हात कमरेवर. उजवा तळवा कपाळाशी, नजर दूर. मग मूठ सरळ आभाळात. आणि शेवटी केस झटकून खांद्यामागे. त्या काळच्या प्रत्येक गाण्याला असे ठरलेले हातवारे असायचे, आणि ज्या मुलींनी ते शाळेच्या गच्चीवर घोटले, त्यांच्या अंगातून ते जन्मभर जात नाहीत. आई मूठ वर करते तेव्हा टबातलं निम्मं पाणी बाहेर येतं. बाबा फडकं घेऊन दाराबाहेर तयारच असतात.

ऑगस्टात आई घरी होती, तेव्हा पीच सोलता सोलता तिनं सांगितलं की कंपनी तिला कप्तान करायला तयार आहे. जहाज मोठं, फेऱ्या लांबच्या, घरी येणं आणखी कमी. नाहीतर बंदरावरच्या कचेरीत टेबलाची नोकरी. रोज संध्याकाळी घरी. सप्टेंबर संपायच्या आत उत्तर द्यायचं होतं.

"तू सांग, नागिसा. तू म्हणशील तसं."

नागिसानं पीचची मोठी फोड तोंडात कोंबली. "मला काय? कसंही चालेल."

खरं म्हणजे कसंही चालणार नव्हतं. आई रोज संध्याकाळी दारात बूट काढतेय, असं तिला इतकं हवं होतं की दारातली रिकामी जागासुद्धा ती रोज झाडून ठेवायची. आणि आई कप्तान व्हावी, टोपी घालून उभी राहावी, तिच्या एका शब्दावर आख्खं जहाज वळावं, हेही तिला तितकंच हवं होतं. एकाच पोटात या दोन गोष्टी कशा मावायच्या? वर पीच.

जायच्या आदल्या दिवशी आई टबात बसली, पण गायली नाही. पाण्याचा एक थेंब बाहेर आला नाही. बाबा फडकं घेऊन उगाच उभे राहिले.

तेव्हा नागिसाला कळलं की आई टेबल निवडणार.

आता कुणी शहाणा म्हणेल, फोन करून सांगायचं ना! अशा शहाण्याला चौदा वर्षांची मुलगी कधी भेटलेली नसते. फोन यायचा. आई म्हणायची, "ठीक आहेस ना?" नागिसा म्हणायची, "ठीक." आई म्हणायची, "जेवलीस?" नागिसा म्हणायची, "जेवले." मग दोघी इंजिनाचा आवाज ऐकत बसायच्या. 'आई, तू घरी येऊ नकोस,' हे वाक्य घशातून निघतच नाही. ते म्हणायला दाराएवढे खांदे लागतात. म्हणजेच गाणं लागतं. महिना संपायच्या आत आईचं जहाज एकदा पाचच्या सुमारास गावासमोरून जाणार होतं, पाचला भोंगे वाजतातच, आणि संपूर्ण गावात समुद्राकडे तोंड करून ओरडू शकेल असं दुसरं काही नव्हतं.

ही नागिसा मुळात अशी धाडसी नव्हती बरं का. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं स्वतःचे केस स्वतः कापले होते. न्हाव्याच्या मुलीनं! बाबांनी तो पराक्रम पाहिला, दोन दिवस ते नीट जेवले नाहीत, गिऱ्हाइकं आली की तिला मागच्या खोलीत पाठवायचे. पण नागिसाला वाटलं, जमलं की! आणि एकदा माणसाला 'जमलं की' वाटलं, की त्याला थोपवणं कठीण.

तिनं बेत सांगितला तेव्हा बाबा वस्ती-मंडळाचे अध्यक्ष हिराबायाशीसान यांची दाढी करत होते. बाबांचा वस्तरा हवेत थांबला.

"जहाज किती लांबून जातं ठाऊक आहे ना?" ते म्हणाले. "त्यात इंजिनाची धडधड..." मग त्यांनी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि वस्तरा पुन्हा गालावर टेकवला. "कल्पना चांगली आहे."

"का बदलायची धून?" हिराबायाशीसान गरम टॉवेलाखालून म्हणाले. "बिघडलीय का?"

"नाही."

"मग बिघडली की बदलू."

"बदला गं बाई," बाकावर बसलेल्या तोमे आजी म्हणाल्या. त्या केस कापायला येत नाहीत, गप्पांना येतात. "माझी काही हरकत नाही. फक्त दाइकिचीला आवडेल अशी ठेवा. त्याचं मन फार हळवं आहे."

तेवढ्यात किनुको आत्या आली. ही बाबांची थोरली बहीण, डबाबंद कारखान्यात मुकादम. रोज संध्याकाळी ती शिजवलेल्या भोपळ्याचं भांडं आणते, आणि त्याबरोबर एक उसासा. भोपळा पोरीसाठी, उसासा भावजयीसाठी.

"आईवाचून वाढणारी पोर," आत्या भांडं ठेवत म्हणाली. "आता भोंग्याशी बोलायला लागली. मिसाओला म्हणावं, पुरे झाल्या लाटा. कुठलं गाणं म्हणालीस? ते टाचांचं? शी! ते काय गाणं आहे? हिरवे डूल घालून नाचते भवानी."

डूल हिरवे होते? नागिसाला हे माहीत नव्हतं. आईनं कोटाचं सांगितलं होतं, डुलांचं नाही; आणि आईकडच्या कॅसेटवर चित्रच नव्हतं. पण आत्यानं विषय बदलून भोपळ्याला मीठ कमी पडल्याचं सांगितलं, आणि ते नेहमीप्रमाणे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर नागिसा नगरकचेरीत गेली. भोंगे आपत्ती-निवारण विभागाकडे असतात. त्याच खिडकीत हरवलेली मांजरं आणि रानडुकरांचा उपद्रव हेही बघतात. खिडकीमागे नुमातासान बसतात. इतका सज्जन माणूस गावात दुसरा नाही. ते कुणालाही 'नाही' म्हणत नाहीत. फक्त मान कलती करून दातांतून हवा आत ओढतात, सूं... करून. किती लांब ओढली यावरून काम किती अशक्य आहे ते आपण समजायचं.

नागिसाचं बोलणं ऐकून त्यांनी इतकी हवा ओढली, की समोरचा कागद हलला.

"गाण्याला शब्द आहेत का?"

"आहेत की! शब्दच तर आहेत!"

"सूं... भोंग्यावर शब्द लावत नाहीत. शब्द फक्त आपत्तीत. उगाच शब्द ऐकू आले तर लोक उशा घेऊन टेकडीवर पळतील."

"बरं, नुसती चाल वाजवा. शब्द ज्यांना यायचे त्यांना येतात."

"कशी आहे चाल?"

हा प्रश्न त्यांनी निव्वळ सभ्यतेपोटी विचारला होता. पण नागिसा दोन पावलं मागे सरकली, डावा हात कमरेवर ठेवला, श्वास भरला, आणि सुरू झाली. पहिल्याच "आज!"ला कोपऱ्यातले वयस्क कारकून टेबलाखाली शिरले. आपत्ती विभाग तो. अचानक कुणी ओरडलं की टेबलाखाली शिरायचं, असं त्यांना नोकरीभर शिकवलेलं. त्यांचं बघून लेखा विभाग शिरला. पाणीपट्टी भरायला आलेल्या एका आजोबांनी पिशवी डोक्यावर धरली. नागिसानं थांबायला हवं होतं. पण टाचा घालून वादळात निघालेली बाई लेखा विभागासाठी थांबते का? फक्त एक खबरदारी तिनं घेतली : "मी घरी जाणार नाही" या शब्दांच्या जागी तिनं "ला ला ला-ला ला ला" म्हटलं. ज्या धुनीचं काम पोरांना घरी पाठवणं, तिच्या जागी हे गाणं मागताना एवढा तपशील पहिल्याच भेटीत कशाला? शेवटी मूठ आभाळात गेली, खिडकीवर मांडलेल्या नमुन्याच्या शिरस्त्राणाला लागली, आणि ते गडगडत थेट नगराध्यक्षांच्या दारापर्यंत गेलं.

टेबलाखालून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"विचार करून पाहू," नुमातासान म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ 'जन्मात नाही'.

नागिसा घरी आली ती कान लाल करून. भोपळा खाल्ला नाही. लोकांनी टेबलाखाली शिरावं इतकं वाईट गातो आपण? तिनं आरशात बघून केस झटकले. झटकण्याइतके उरलेच नव्हते.

पण देवाची करणी बघा. नगरकचेरीचा 'नागरिकांच्या सूचना' नावाचा उपक्रम त्याच महिन्यात संपत होता, आणि सबंध वर्षात आलेली एकमेव सूचना कबुतरांविषयी होती, तीही शिव्यांसकट. वरच्यांना दाखवायला एखादी बरी सूचना हवी होती. नुमातासान स्वतः दुकानात आले आणि कमरेत वाकून म्हणाले, "एक आठवडा, प्रयोग म्हणून. फक्त वस्तीची हरकत नाही ना, तेवढं फिरत्या पाटीवरून विचारतो."

फिरती पाटी म्हणजे घराघरांतून जाणारी. शेजाऱ्यानं वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या दारी ठेवायची. आता आमच्या गावचा स्वभाव असा, की 'हरकत आहे' असं कुणी लिहीत नाही. ते उद्धटपणाचं. सगळे लिहितात, 'हरकत नाही, पण'.

तोमे आजींनी लिहिलं, हरकत नाही, पण चाल खालच्या पट्टीत ठेवावी, दाइकिचीला उंच सूर सोसत नाहीत. म्हातारे-मंडळानं लिहिलं, हरकत नाही, पण ठेका संथ असावा, आमचे सभासद धुनीवर चालतात, कंबरा मोडतील. सार्वजनिक न्हाणीघराच्या मालकानं लिहिलं, हरकत नाही, पण गाणं छोटं करावं, पाचला पाणी तापायला ठेवायचं असतं. कारखान्यानं कळवलं, हरकत नाही, पण सुरुवातीचा सूर आमच्या सुट्टीच्या शिट्टीसारखा आहे, बायका अर्धा मासा टाकून उठतील, तो सूर काढावा. हिराबायाशीसानांनी अध्यक्ष या नात्यानं लिहिलं, हरकत नाही, पण फारसं लक्षात येणार नाही असं काही करता आलं तर उत्तम.

नुमातासानांनी सगळ्यांचं ऐकलं. कुणालाही न दुखवता काम करायचं, हीच त्यांची ख्याती. मग त्यांनी नागिसाला बोलावलं आणि यंत्रावर स्वतः एका बोटानं वाजवून भरलेली चाल ऐकवली.

टिण... टाण... टिण... टोण...

नागिसा ऐकतच राहिली. वादळात निघालेली बाई कुठे होती? ही तर ताप उतरल्यावर पेज प्यायला उठलेली कुणीतरी वाटत होती.

"टाच कुठे गेली?" ती म्हणाली.

"आहे ना, टाच आहे," नुमातासान घाम पुसत म्हणाले. "फक्त घरातल्या सपाता घातल्यात."

ती तडक निघाली. घरी येऊन दाराशी बसली. आई हे ओळखणारसुद्धा नाही. शब्द गेले, वेग गेला, पहिला सूर गेला, उरलं काय? बाबांनी दुकान आवरलं आणि रोजच्यासारखा दारातला दिवा लावला. आई समुद्रावर असली तरी ते तो रोज लावतात. कुणी विचारलं तर सांगतात, गिऱ्हाइकांसाठी. दुकान बंद झाल्यावर कुठलं गिऱ्हाईक येतं, ते कुणी विचारत नाही.

"बाबा, तिला ऐकू जाईल?"

बाबांनी दिव्याची काच पुसली. ती आधीच स्वच्छ होती. "वारा जमिनीवरून असला तर," ते म्हणाले.

प्रयोगाचा पहिला दिवस आणि जहाज जायचा दिवस एकच आला, आणि त्या दिवशी वारा समुद्रावरून होता.

नागिसा शाळेतून थेट धक्क्यावर धावली तर तिची टोपी उडून गावाकडे गेली. गावाकडे! म्हणजे भोंग्याचा आवाज समुद्राकडे जायचं सोडून उलटा डोंगरात जाणार. शिवाय सूर्य अगदी समोर, पाण्यावर आडवा झालेला. डोळ्यांपुढे नुसतं सोनेरी पाणी. त्या चकाकीत कुठेतरी तो तांदळाचा दाणा सरकत होता. बहुतेक. डोळे बारीक करून पाहिलं की तिथे दहा दाणे दिसत, आणि एकही खरा नसे.

बाबा आले. पांढरा झगा तसाच, हातात वस्तरा. त्यांच्यामागे गळ्याला टॉवेल गुंडाळून, अर्ध्या तोंडाला फेस असलेले हिराबायाशीसान. "ही काय पद्धत झाली?" ते म्हणत होते. "अर्ध्यावर सोडून? मी अध्यक्ष आहे!" तोमे आजी दाइकिचीला घेऊन आल्या. धक्क्याच्या टोकाला पोरं चेंडू खेळत होती. नुमातासान खांबाखाली हात जोडून उभे होते, भोंगा बिघडू नये म्हणून की चालू होऊ नये म्हणून, कोण जाणे.

पाच वाजले.

टिण... टाण... टिण... टोण...

आधी कुणालाच काही कळलं नाही. दाइकिचीनं तोंड उघडलं, मान कलती केली, आणि तोंड मिटलं. कारखान्याच्या दारातून बायका बाहेर पडत होत्या. पांढऱ्या टोप्या, रबरी बूट, कोपरापर्यंत माशाचा वास. त्या नेहमी धुनीबरोबर झपाझप निघतात, घरी भात लावायचा असतो. त्या दिवशी चारेक पावलं चालून त्यांचे पाय मंदावले. काहीतरी ओळखीचं होतं. फार जुनं, फार संथ, पाण्याखालून आल्यासारखं. एकीनं दुसरीकडे पाहिलं. कुणाला शाळेची गच्ची आठवली असेल, कुणाला एखादा आरसा, कुणाला ती मैत्रीण, जी गाणं म्हणत म्हणत खरंच शहरात निघून गेली आणि परत आली नाही. आपणही जाणार होतो, नाही का? ठरलं होतं तेव्हा. मग काय झालं? मग भात लावायची वेळ झाली.

आणि बायकांच्या मधोमध, रबरी बूट रोवून, किनुको आत्यानं डावा हात कमरेवर ठेवला.

"आत्या?" नागिसा म्हणाली.

आत्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. तिनं तळवा कपाळाशी धरला, नजर थेट समुद्रावर लावली, आणि ज्या आवाजात ती कारखान्यात यंत्रं बंद करायला लावते त्या आवाजात म्हणाली, "आज... मी... घरी... जाणार नाही..."

भोंगा संथ, म्हणून तीही संथ. एकेक शब्द असा सावकाश आला, जसा जाळ्यातून एकेक मासा सोडवावा. दुसऱ्या ओळीला सगळ्याजणी होत्या. दिवा लावू नको. वाट पाहू नको. टबात आई म्हणायची तेव्हा ही ओळ कशी ठसक्यात यायची! इतक्या संथ चालीत ती ऐकली, तेव्हा नागिसाला पहिल्यांदा कळलं की 'वाट पाहू नको' म्हणणारीलाही कुणाची तरी आठवण येत असते. नाहीतर सांगायला कशाला थांबली असती?

मग तीही गायला लागली. या वेळी ला ला ला नाही. मूठ आभाळात गेली. सगळ्यांच्या मुठी गेल्या. तोमे आजींची काठी गेली. आणि शेजारी बाबा, ज्यांच्या डोक्यावर नागिसाच्या जन्माआधीपासून एक केस नाही, त्या बाबांनी मान मोठ्या डौलात वळवली आणि नसलेले केस झटकून खांद्यामागे टाकले. इतक्या वर्षांत दाराबाहेर फडकं घेऊन नुसते उभे नव्हते ते!

"काय म्हणताहेत या?" हिराबायाशीसान अर्ध्या फेसातून ओरडले. "घरी जाणार नाही? नुमातासान! घरी जाणार नाही म्हणताहेत!"

"सूं..." नुमातासान म्हणाले. आयुष्यातला सर्वांत लांब.

उचललेला चेंडू पोरांनी खाली ठेवला. मोठी माणसंच नाही म्हणताहेत म्हटल्यावर!

धून संपली. भोंगा खरखरला आणि गप्प झाला. कुणीच हललं नाही. सगळे त्या चकाकीकडे डोळे लावून उभे होते, जणू तिकडून कुणी उत्तर देणार होतं. उत्तर आलं नाही. वारा तेवढा समोरून येत राहिला, सगळ्यांच्या तोंडावर.

"ऐकू गेलं असणार," तोमे आजी ठामपणे म्हणाल्या. आजाऱ्याला 'आज रंग छान दिसतोय' म्हणतात ना, तशा.

आत्यानं टोपी सारखी केली. "भोपळा करपला असेल," ती म्हणाली आणि चालू लागली. डोळे पुसले नाहीत; हाताला माशाचा वास होता.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. त्या संध्याकाळी गावातली पोरं अंधार पडेपर्यंत घरी गेली नाहीत. शोधायला गेलेल्या आयांना त्यांनी तोंड वर करून गाणं म्हणून दाखवलं. नगरकचेरीचा फोन रात्रभर वाजला, आणि एका आठवड्याचा प्रयोग एका दिवसात आटोपला. नुमातासान माफी मागायला आले, इतके वाकले की त्यांचा चष्मा बाबांच्या दुकानात पडला. हिराबायाशीसानांनी उरलेली अर्धी दाढी करून घेतली आणि निघताना म्हणाले, "मी म्हणालो होतो, बिघडली की बदलू. आता बिघडली. बदलली." पुन्हा जुनी धून आली. दाइकिचीनं जोरात गळा काढला. त्याचं सुतक पुन्हा सुरू झालं.

महिनाअखेरीस आईचा फोन आला. जहाज निइगाता बंदराला लागलं होतं. बाबा दारातला दिवा लावत होते. आत्या भोपळा घेऊन आली होती, आणि का कोण जाणे, त्या दिवशी उसासा घरीच विसरली होती.

"ठीक आहेस ना?" आई म्हणाली.

"ठीक."

"जेवलीस?"

"भोपळा आहे."

मग इंजिनाचा आवाज यायला हवा होता. पण जहाज बंदरात होतं, त्यामुळे नुसती शांतता आली. त्या शांततेत आई एकदम म्हणाली, "नागिसा, परवा तुमच्याकडे काय चाललं होतं गं?"

"कुठे?"

"धक्क्यावर! मी दुर्बीण लावली तर माणसंच माणसं, आणि सगळ्यांचे हात वर. माझं काळीज उडालं. म्हटलं त्सुनामी आली, सगळे मदत मागताहेत. रेडिओ उचलला, किनारा-रक्षकांना कळवणार, तेवढ्यात उन्हात एक टक्कल चमकलं." आईचा आवाज जरा हलला. "आणि त्या टकलानं केस झटकले."

नागिसानं बाबांकडे पाहिलं. ते अजून दिव्याची काच पुसत होते.

"मग?"

"मग काय! मी बाहेर आले, कठड्याशी, आणि केलं. सगळं केलं. कमरेवर हात, कपाळाशी हात, मूठ, केस. कप्तानसाहेब म्हणाले, उकाई, बरं नाही का वाटत?" आई हसली आणि मग हसायची थांबली. "काल कंपनीला कळवलं. हो म्हणून. जहाजाला हो. चालेल ना गं तुला?"

नागिसानं दाराकडे पाहिलं. बूट काढायची ती जागा झाडलेली होती, रिकामी होती. पोटातल्या दोन्ही गोष्टी एकदमच वर आल्या, पीचसकट.

"कसंही नाही," ती म्हणाली. "असंच चालेल. कप्तान."

पलीकडे आईनं तो शब्द एकदा स्वतःशीच म्हणून पाहिला. मग हळूच म्हणाली, "मी केलेलं दिसलं का तुला? कठड्यापाशी?"

त्या दिवशी समोर आडवा सूर्य होता. सोनेरी पाणी होतं. दहा खोटे दाणे होते.

"दिसलं," नागिसा म्हणाली. "मूठसुद्धा."

"हं," आई म्हणाली. इतकी वर्षं समुद्रावर काढलेली बाई ती; कुठून काय दिसतं आणि वारा कुठला होता, हे तिला कुणी सांगायला नको. "आणि मला गाणं ऐकू आलं बरं का."

"खरंच?"

"शब्दन् शब्द."